बीडीडी असलेल्याला सर्जनने 'नाही' म्हणावं का?

निशिगंध (धागाकर्ती): मैत्रिणीने नाकाची सर्जरी करून घेतली. सूज उतरली, नाक छान आलं. आता तिला हनुवटी खुपते. आधी ग्रुप फोटोत ती हट्टाने एकाच टोकाला उभी राहायची, नाकाची 'वाईट' बाजू दिसू नये म्हणून. ती बाजू कुठली, हे आम्हाला कधीच कळलं नाही. हा बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर (बीडीडी), म्हणजे इतरांना जवळपास न दिसणाऱ्या शारीरिक दोषाचा सतत ध्यास. मोर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्येच याचं वर्णन केलंय, आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत) तो मंत्रचळाच्या (ओसीडी) गटात गेला. नाकात दोषच नसेल तर नाक कापून काय साधणार? सर्जनने सरळ नकार द्यावा.

बाणेदार: असहमत. सज्ञान बाई, स्वतःचा देह, स्वतःचे पैसे. टकलावर केस लावून घेणाऱ्याकडे कुणी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागतं का? आणि सर्जन काय मनकवडा आहे?

निशिगंध: मनकवडा कशाला हवा? साध्या प्रश्नावल्या आहेत. दिवसातले किती तास हाच विचार? आरशापुढे किती वेळ? त्यापायी लग्नकार्यं, नोकरी टाळता का? एरवी शंभरात दोघांना असणारा हा आजार सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दारात कित्येक पटींनी जास्त आढळतो. विचारायलाच हवं.

टवाळ: अवांतर: आधी फोन लांब धरा. फूटभरावरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, असं गणित २०१८ मध्ये मांडलं गेलंय. निम्म्या सर्जऱ्या तिथेच वाचतील :)

काठावरचा: मानसोपचार विभागात काम करतो म्हणून लिहितो. नुसत्या नकाराने काही होत नाही, माणूस पुढचं क्लिनिक गाठतो. "तुला काही झालेलं नाही" हे तर त्याने घरच्यांकडून हजारदा ऐकलेलं असतं. दोन मिनिटं बरं वाटतं, की पुन्हा विचारायला हजर. सर्जरीनंतर बहुतेकांचा आजार जागच्या जागी राहतो, किंवा चिंता दुसऱ्या अवयवावर सरकते. उपयोग होतो तो सीबीटीचा (विचार-वर्तन बदलणाऱ्या समुपदेशनाचा) आणि एसएसआरआय गोळ्यांचा (नैराश्यावरही देतात त्या). गोळ्यांचा डोस बरेचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि गुण यायला दोन-तीन महिने जातात. आत्महत्येचे विचार या रुग्णांत फार आढळतात, त्यामुळे टवाळराव, जरा जपून.

बाणेदार: पण सौम्य लक्षणं असलेले काही जण नाकाच्या सर्जरीनंतर समाधानी झाल्याचंही शोधनिबंधांत आलंय. सरसकट दार का लावता? 'आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, मग तारीख देतो' एवढं मला मान्य.

काठावरचा: एवढं झालं तरी पुष्कळ.

बाणेदार: आणि उपचार घेऊनही तिला हनुवटी बदलायचीच असेल तर?

निशिगंध: त्रास तेवढाच असेल, तर तेव्हाही नाहीच.

बाणेदार: म्हणजे शेवटी ठरवणार तुम्हीच!