कॅल्शियम पडलं की सर्फॅक्टंटचा साका होतोय, काय करू?

माटुंगा_स्लो: नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, खाऱ्या पाण्याच्या रिझर्व्हॉयरमधलं (म्हणजे जमिनीखालच्या तेल साठलेल्या खडकातलं) अडकलेलं तेल सर्फॅक्टंटने, म्हणजे साबणासारख्या रसायनाने, सोडवायचं. एसडीबीएस (सोडियम डोडेसिल बेंझिन सल्फोनेट) घेतलंय, कपड्यांच्या पावडरीत असतं तेच. डिस्टिल्ड पाण्यात मस्त विरघळतं, थोडं साधं मीठ टाकलं तरी चालतं, पण कॅल्शियम क्लोराइड टाकलं रे टाकलं की बीकर दुधाळ आणि तळाला साका. डोस वाढवून बघू का?

खडकफोड्या: नको, पैसे पाण्यात. बोअरिंगच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ना, तोच प्रकार. समुद्राच्या पाण्यातच लिटरमागे साधारण ४०० मिग्रॅ कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं, खाली खडकात तर कधीकधी याच्या कित्येक पट. रेणूच बदल. प्रॉपिलीन ऑक्साइड-इथिलीन ऑक्साइडची साखळी मधे असलेले सल्फेट नाहीतर कार्बॉक्सिलेट बघ, ते कॅल्शियमला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. फक्त सल्फेट गरम रिझर्व्हॉयरला नको, ६० अंशांच्या वर हळूहळू तुटतं.

दादरचा_केमिस्ट: वरचं बरोबर, पण मिठाला नुसतं व्हिलन करू नका राव. मीठ कमी असलं तर सर्फॅक्टंट पाण्यातच बसून राहतो, जास्त झालं तर तेलात पळतो, आणि मधल्या एका टप्प्यात तेल-पाण्याच्या मधोमध मायक्रोइमल्शनचा (तेल-पाणी एकजीव झालेल्या मिश्रणाचा) वेगळा थर धरतो, तो टप्पा शोधणं हेच खरं काम. तिथे इंटरफेशियल टेन्शन, म्हणजे तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण, २०-३० मिलिन्यूटन प्रति मीटरवरून ०.००१ च्या घरात येतं, त्याशिवाय बारीक छिद्रातला थेंब हलायचा नाही. बारीक पिपेटांची रांग लाव, प्रत्येकीत मीठ थोडं थोडं वाढव, तोंडं सील करून रिझर्व्हॉयरच्या तापमानाला ओव्हनमध्ये ठेव आणि रोज थर मोज. घाई करशील तर फसशील, थर बसायला कधी आठवडे लागतात.

माटुंगा_स्लो: थँक्स दादा! आणि पिपेटमध्ये जमलं की बॉम्बे हायसारख्या ठिकाणी चालेल?

खडकफोड्या: लगेच नाही. तिथे मुख्य तेल चुनखडीत आहे. चुनखडीच्या पृष्ठभागावर बऱ्याचदा धन भार असतो, तुझा सर्फॅक्टंट ऋण, म्हणजे तेलापर्यंत पोचायच्या आधीच बराचसा खडकाला चिकटून बसणार. कोअर फ्लड (खडकाच्या नमुन्यातून द्रावण ढकलून बघायची चाचणी) केल्याशिवाय बोलूच नकोस.

दादरचा_केमिस्ट: आणि पिपेटमध्ये क्रूडच घाल, त्याच फील्डचं मिळालं तर उत्तम. डिझेलवर आलेला मिठाचा आकडा क्रूडला लागू पडत नाही.