मदत हवी आहे: एचपीव्ही लसीविषयी डॉक्टर आणि आशाताईंच्या मुलाखती

नमस्कार. सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या प्रबंधासाठी मी जळगाव व धुळे शहरांतील बालरोगतज्ज्ञ आणि चोपडा, धडगाव तालुक्यांतील वैद्यकीय अधिकारी, एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका) व आशाताई यांची किशोरींच्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा विषाणू) लसीकरणाविषयीची मते जाणून घेत आहे.

शहरातील डॉक्टर किंमत व डोस यांवर मोकळेपणाने बोलतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना ९ ते १४ या वयात दोन डोस सुचवते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसचा पर्यायही मान्य केला, त्यामुळे चर्चा तिथेच रमते. गावपातळीवर वेगळीच अडचण आहे. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, हे चौदा वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांना कसे सांगायचे, या प्रश्नावर आशाताई थबकतात. आणि वैद्यकीय अधिकारी समोर बसलेले असतील, तर एएनएमताई प्रशिक्षणात ऐकलेलेच उत्तर देतात. (तो दोष त्यांचा नाही, बैठकीच्या रचनेचा आहे, असे माझे मत.)

‘स्वतःच्या मुलीला ही लस द्याल का?’ हा प्रश्न थेट विचारावा की काल्पनिक प्रसंग सांगून? दोन्ही भागांसाठी एकच प्रश्नावली ठेवल्यास तुलना सोपी होते, पण गावाकडचे बारकावे निसटतील अशी भीती वाटते. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अशा मुलाखती कोणी घेतल्या असल्यास, संमती कशी घेतली आणि वरिष्ठांना नम्रपणे बाजूला कसे ठेवले, हे कृपया कळवावे.