वादळात छताचे पत्रे उडाले, विम्याचा क्लेम कसा करायचा? लवकर सांगा

चारकोपकर:
परवा रात्रीच्या वादळात वरचे चार सिमेंटचे पत्रे अख्खे उडाले, बाकीच्यांना तडे गेलेत. आतलं पीओपी भिजून खाली आलंय. फॅब्रिकेटर 96,000 सांगतोय, अर्धे ॲडव्हान्स. पावसाळा तोंडावर आहे. विमा आहे, कर्ज घेताना बँकेनेच काढून दिला होता. किती मिळतील? आधी काम करून नंतर बिलं दिली तर चालतं का? ज्यांनी स्वतः क्लेम केलाय त्यांनीच सांगा प्लीज.

स्वप्ना_मुलुंड:
तुम्ही का खर्च करताय? वरच्या मजल्यावर गच्चीतून पाणी येऊन सिलिंग खराब झालं, तर आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांचे नमुना नियम) ते दुरुस्त करणं सोसायटीचं काम. सेक्रेटरींना लेखी द्या, पोच घ्या. आमच्याकडे दोन वर्षं भांडून घेतलं. दुरुस्ती निधी त्यासाठीच तर असतो.

चारकोपकर:
ताई, फ्लॅट नाही, बैठं घर आहे. म्हाडाचं. वरचा माळा आम्हीच चढवलाय.

वामन_दादर:
आधी पॉलिसीचा कागद काढून नाव वाचा. बँका कर्जाबरोबर दोन वेगळे विमे देतात. एक कर्जदाराचं बरंवाईट झालं तर कर्ज फेडणारा, दुसरा घराचा. पहिला असेल तर पत्र्यांचा एक रुपया मिळणार नाही. बऱ्याच जणांना हे क्लेमच्या वेळीच कळतं.

निफाडी:
72 तासांच्या आत कळवा, नाहीतर गेलं! गारपिटीत आमची द्राक्षबाग झोपली तेव्हा तासातासाचा हिशोब ठेवावा लागला. 2014 च्या गारपिटीत तर घरावरचे सिमेंटचे पत्रेही चाळणी झाले होते. बागेचे थोडे मिळाले, घराचे काहीच नाही, कारण घराचा विमा कोणी काढतच नाही.

माधवी_गिरगाव:
निफाडीदादा, 72 तास पीक विम्याला. इथे घराचं चाललंय. अर्थात लवकर कळवलेलं बरंच.

पत्रेवाला:
या धंद्यात आहे म्हणून सांगतो. परत सिमेंटचे टाकू नका, कलर कोटेड घ्या. आणि पत्रे धरणारे जुने जे-हुक काढून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, खाली रबरी वॉशर. पत्रा वाऱ्याने उडत नाही, हुक गंजल्यावर उडतो.

निफाडी:
कलर कोटेडवर गार पडली की खळगे पडतात, रंग उडतो, मग गंज.

पत्रेवाला:
मुंबईत गारा कितीदा पडतात? इथे खारी हवा आणि वारा हाच प्रश्न. खळगा पडला तरी पत्रा गळत नाही, सिमेंटचा फुटतो.

वामन_दादर:
पत्र्यांचं नंतर. पत्रेवाले, "हुक गंजल्यावर उडतो" हे वाक्य नुकसान बघायला येणाऱ्या विम्याच्या सर्व्हेअरसमोर बोलू नका. क्लेम तिथेच अडतो.

चारकोपकर:
कागद सापडला. वर "भारत गृह रक्षा" लिहिलंय. आता?

वामन_दादर:
मग आशा आहे. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ही एकाच मजकुराची पॉलिसी ठेवावी लागते. त्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज पडणं हे येतं. जीर्ण होऊन गळणं येत नाही. म्हणून आजच कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर बघेपर्यंत काम सुरू करू नका, ॲडव्हान्सही देऊ नका. ताडपत्री मात्र लगेच टाका, नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी. त्याआधी फोटो काढा, आणि नुसते लांबून नको. हुक उपटून पत्रा जिथे फुटलाय ती कड जवळून घ्या. सिमेंटच्या पत्र्याची ताजी तुटलेली कड स्वच्छ दिसते, जुनी मळलेली, काळपट. सर्व्हेअर तेच बघतो. फुटलेले तुकडे भंगारवाल्याला देऊ नका. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी आणि सांताक्रूझ वेधशाळेची वाऱ्याची नोंद जोडा. सिमेंटऐवजी कलर कोटेड टाकलेत तर वरचा फरक तुमचा, म्हणून कोटेशन दोन वेगळी घ्या. मलबा हलवायचा खर्चही क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो, तो मागा.

माधवी_गिरगाव:
तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी (मे 2021) माझ्या भावाचा क्लेम "गळती" म्हणून फेटाळला होता. त्यानेच फॉर्मवर "पाणी गळून नुकसान" लिहिलं होतं. "वादळी वाऱ्याने पत्रे उडाले, त्यातून पाणी आलं" असं लिहा, घडलंय तेच लिहायचंय. फेटाळला तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, मग बीमा भरोसा (विमा नियामकाचं तक्रारीचं) पोर्टल. महिन्यात निकाल नाही लागला तर सांताक्रूझला विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत.

स्वप्ना_मुलुंड:
तरीही सोसायटीला एक पत्र द्याच. बैठ्या घरांचीही सोसायटी असते.

चारकोपकर:
क्लेम नंबर मिळाला, सर्व्हेअर उद्या येतोय. पॉलिसीत चटईक्षेत्र फक्त तळमजल्याचं आहे, माळ्याचा उल्लेखच नाही. याचं काय?

वामन_दादर:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. क्षेत्रफळ कमी दाखवलेलं असेल तर रक्कम त्या प्रमाणात कापू शकतात, आणि माळ्याची परवानगीही विचारतील. लपवू नका, सर्व्हेअर फूटपट्टी घेऊनच येतो. म्हाडाची किंवा पालिकेची मंजुरी, घरपट्टीची पावती, जे असेल ते पुढे ठेवा. मंजुरी आहे ना?

चारकोपकर:
घरपट्टी माळ्यासकट भरतो. मंजुरीचं वडिलांना विचारून सांगतो.