मदत हवी आहे: जुनी जीटी, कुठल्या सालची घेऊ?

वेळणेश्वरकर
मंडळी, जीटी घ्यायची पक्की ठरली आहे. सेकंडहँड. 2016 ची घेऊ की 2021 ची? रविवारपर्यंत टोकन द्यायचंय, नाहीतर गाडी हातची जाईल. 'नवीनच घे', 'एसयूव्ही घे' असले सल्ले नकोत. फक्त साल सांगा.

घाटवेडा
कुठली जीटी? पेट्रोल की डिझेल? किती फिरलीय? तुम्ही राहता कुठे? ज्योतिषाला पण लोक जन्मवेळ सांगतात हो.

वेळणेश्वरकर
फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. पेट्रोल, ऑटोमॅटिक. जीटी म्हटल्यावर अजून कुठली असणार?

विंचूछाप
स्पोर्टी गाडी हवी आणि पोलो बघताय? फियाटची अबार्थ पुंटो शोधा. 2015 च्या शेवटी आली, 1.4 टर्बो, 145 बीएचपी, आपल्या रांजणगावातच बनायची. स्टिअरिंग हातात धरलं की कळतं गाडी काय असते. बाकी सगळे डबे.

घाटवेडा
@विंचूछाप, त्यांनी ऑटोमॅटिक सांगितलंय. अबार्थ फक्त मॅन्युअल यायची. आणि 2019 पासून फियाट इथे गाड्याच विकत नाही. गुहागर तालुक्यात पार्ट कोण आणून देणार, तुम्ही?

विंचूछाप
पार्ट मिळतात. ओळखी लागतात.

तांबडीमाती
मी मुद्द्याचं लिहितो. या गाडीत साल बघण्याआधी गिअरबॉक्स बघायचा. 2013 ला जीटी टीएसआय आली तेव्हापासून बीएस-4 (धुराचे जुने नियम) संपेपर्यंत 1.2 लिटर, चार सिलिंडर, 105 पीएस आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हा ड्राय क्लचवाला आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो. मोकळ्या रस्त्यावर लोणी. पण चढावर ट्रकच्या मागे मुंगीच्या गतीने सरकत राहिलात की क्लच अर्धवट धरून घासत राहतो आणि तापतो. 2020 ला बीएस-6 मध्ये इंजिन 1.0 लिटर, तीन सिलिंडर, 110 पीएस झालं. टॉर्क तोच, 175 एनएम. डीएसजी जाऊन सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर आला, म्हणजे तसा घासणारा क्लच नसलेला ऑटोमॅटिक. गिअर बदलण्यात ती चटपट नाही, पण घाटात डोक्याला ताप नाही.

म्हणून 2014 आणि 2018 मध्ये मला तरी फार फरक वाटत नाही. 2019 आणि 2021 मध्ये जमीन-अस्मानाचा आहे. आणि '2020 ची आहे' असं कुणी म्हणालं तर आरसीवर बीएस-4 आहे की बीएस-6 ते आधी वाचा. मार्च 2020 पर्यंत बीएस-4 गाड्यांची नोंदणी होत होती. बरेच लोक नोंदणीचं साल सांगतात, उत्पादनाचा महिना गिळतात.

तर आता सांगा, रोज कुठे चालवणार?

देवगडचो
साल-बिल ऱ्हवांदे रे बाजूक. सर्व्हिसिंगाक खंय नेतलंस ता सांग पयलां.

वेळणेश्वरकर
रोज गुहागर ते चिपळूण, महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटातून कराड, सासुरवाडी. सर्व्हिसला कोल्हापूरला नेईन. आणि हो, ऑटोमॅटिक यासाठी की गाडी जास्त करून बायको चालवणार, ती नुकतीच शिकलीय. हे सांगायचं राहिलं.

तांबडीमाती
हे पहिल्याच ओळीत हवं होतं!! नवशिका चालक, कुंभार्ली आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर. डीएसजी विसरा. 2021.

चक्रधर
असहमत. डीएसजीला लोक उगाच बदनाम करतात. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबायचा. पुढच्या ट्रकला दोन गाड्यांचं अंतर द्यायचं आणि मग एकदम निघायचं. इतकं पाळलं तर क्लच टिकतो. चार सिलिंडरचा आवाज आणि ती गुळगुळीत धाव त्या तीन सिलिंडरमध्ये नाही म्हणजे नाही.

काजूबी
@चक्रधर, माझ्याकडे ड्युअल क्लचवाली गाडी होती (कंपनीचं नाव घेत नाही, चाहते धावून येतील). एवढं सगळं पाळलं. अणुस्कुरा घाटात मे महिन्यात पॅनेलवर लाल इशारा आला आणि गाडी थांबवून पाऊण तास करवंदं खात बसले. करवंदं छान होती. मेकॅट्रॉनिकचं (त्या गिअरबॉक्सचा मेंदू) बिल नव्हतं.

चक्रधर
ताई, एका गाडीवरून सगळ्यांचं ठरवू नका.

काजूबी
बिल पण एकच होतं, त्यावरून ठरवलं.

हिरवाझेंडा
2021 ची घ्या नाहीतर 2016 ची, दोन्ही ई-20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) साठी बनवलेल्या नाहीत. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे सुटे भाग त्याला टिकतील असे असतात. रबरी नळ्या, सील सगळं बघावं लागेल. त्यापेक्षा इलेक्ट्रिक घ्या, घराच्या पत्र्यावर सोलर टाका.

घाटवेडा
वेळणेश्वरला पावसाळ्यात तीन-तीन दिवस वीज नसते. गाडी काय कंदिलावर चार्ज करणार?

बुस्टर
बलेनो आरएस कुणीच कसं सुचवलं नाही? 2017 ते 2020, बुस्टरजेट टर्बो, चारी चाकांना डिस्क. मारुती असल्यामुळे शृंगारतळीतही काम होईल.

तांबडीमाती
मॅन्युअल आहे हो ती पण. धागा वाचा.

बुस्टर
वहिनींना मॅन्युअल शिकवा, सोपं असतं.

काजूबी
🙏 वहिनींना काय शिकवायचं ते वहिनी ठरवतील.

गावठी_गिअर
चिपळूणला जायला आता वेळ किती लागतो? परशुराम घाट झाला का सगळा? आम्ही गणपतीला येतोय पनवेलहून. 2011 पासून हा हायवे रुंद होतोय, माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

वेळणेश्वरकर
हायवेसाठी वेगळा धागा काढा राव. तर 2021 नक्की ना? मार्च 2021 ची नोंदणी आहे, एमएच-08, पहिला मालक, 38 हजार किलोमीटर. सहा लाख दहा हजार सांगतोय. 2016 ची कोल्हापूरची आहे, पावणेपाच लाख, 71 हजार किलोमीटर. 2021 ची स्वस्तच पडतेय ना?

तांबडीमाती
जरा जास्तच स्वस्त. गाडी आहे कुठे?

वेळणेश्वरकर
चिपळूण. बाजारपेठेच्या मागे घर आहे मालकाचं. का?

घाटवेडा
22 जुलै 2021.

काजूबी
अगं बाई. हो की.

तांबडीमाती
वेळणेश्वरकर, तुम्ही त्याच तालुक्याच्या शेजारचे आणि हे तुमच्या डोक्यात आलं नाही? वाशिष्ठीचं पाणी तेव्हा बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत होतं. मार्चमध्ये नोंदलेली गाडी जुलैमध्ये कुठे उभी होती ते विचारा.

वेळणेश्वरकर
विचारलं. म्हणतो तेव्हा गाडी मुंबईला भावाकडे होती. सज्जन माणूस वाटतो, चहा पाजला. पॉलिसीचा फोटोही लगेच पाठवला. मार्च 2025 चं नूतनीकरण, एनसीबी (क्लेम न घेतल्याची सूट) 35 टक्के. म्हणजे क्लेम नाही ना?

हिशेबनीस
एरवी मी इथे फक्त वाचतो, पण हे राहवलं नाही. एनसीबीची पायरी ठरलेली असते: क्लेम नसेल तर पहिल्या वर्षानंतर 20, मग 25, 35, 45, 50. मार्च 2021 ची गाडी, मालक तोच, एकही क्लेम नाही, तर मार्च 2022 ला 20, 2023 ला 25, 2024 ला 35 आणि 2025 ला 45 हवे. तुमच्याकडे 35 आहेत. एक पायरी कमी.

आता गंमत बघा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतला की एनसीबी शून्यावर येतो. दुसऱ्या वर्षी घेतला असता तर 2025 ला 25 दिसले असते, तिसऱ्या वर्षी घेतला असता तर 20. पॉलिसी मध्ये खंडित झाली नसेल, तर 35 दिसायला क्लेम पहिल्याच वर्षी झालेला हवा. म्हणजे मार्च 2021 ते मार्च 2022.

चक्रधर
बाप रे. पण क्लेम म्हणजे पूरच असं नाही. बंपर ठोकला असेल.

हिशेबनीस
असेल. म्हणून जाऊन बघा. टॉर्च घेऊन जा. पुढचे सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा आणि तळाशी शिवलेल्या लेबलवरची तारीख वाचा. मागचे बेल्टही ओढा. स्टेपनी उचलून खालचा खळगा, सीटचे रूळ, गालिच्याखालचा फेस. धुलाईवाले वरून चकाचक करतात, इथपर्यंत हात जात नाही.

देवगडचो
खाली वाकान पण बघ. दर्यावरची गाडी, खारो वारो. पत्रो कुजता.

वेळणेश्वरकर
आत्ताच जाऊन आलो. गालिचा नवा कोरा. स्टेपनीचा खळगा स्वच्छ. मालक म्हणाला बघा काय शंका घेता. मग ड्रायव्हरचा बेल्ट ओढला. गाडीचं उत्पादन फेब्रुवारी 2021, बेल्टच्या लेबलवर तारीख सप्टेंबर 2021. मागचा डावा बेल्ट जुनाच होता. शेवटची एक वीत ओढायला जोर लागला, आणि तिथे पट्टा तांबूस, हाताला खरखरीत. वास घेतला. खाडीच्या चिखलाचा वास मी लहानपणापासून ओळखतो.

मालक काही बोलला नाही. या वेळी चहा पण नाही.

काजूबी
वाचलात. वहिनींना नमस्कार सांगा.

तांबडीमाती
आता बीएस-6 ऑटोमॅटिकच शोधा, पण एमएच-09 (कोल्हापूर) किंवा एमएच-12 (पुणे) ची. घाई नको. रविवार दर आठवड्याला येतो.

चक्रधर
किंवा ती कोल्हापूरची 2016. पुन्हा सांगतो, डीएसजी वाईट नाही.

वेळणेश्वरकर
बायको म्हणतेय, तू ठरवेपर्यंत मी मॅन्युअल शिकून होईन.

बुस्टर
बलेनो आरएस!

स्वस्तमस्त
धागा वरवर चाळला. ती चिपळूणची 2021 तुम्ही घेत नसाल तर मालकाचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा ना. सहाला देईल का?