दिव्यांगांच्या योजना : कागद कुठं अडतो, का अडतो? (कोल्हापूर अनुभव धागा)

२०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. तरी सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात आणि तहसीलच्या व्हरांड्यात एकाच कागदासाठी माणसं तीन-तीनदा येताना दिसतात. ज्यांनी अर्ज भरलेत, भरून दिलेत किंवा तपासलेत त्यांनी इथं लिहावं. कहाणी बाजूला ठेवू, काम कसं होतं आणि कुठं बिघडतं तेवढं सांगा.

बिंदू चौकातून

सुरुवात यूडीआयडीपासून, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापासून करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा चढवायचा आणि रुग्णालय निवडायचं. अर्ज निवडलेल्या रुग्णालयाच्याच यादीत जातो, म्हणून निवडलं एक आणि गेलात दुसरीकडं, तर तिथं तुमचं नाव दिसणारच नाही. अर्जाची पावती, जुने रिपोर्ट आणि जुना दाखला असल्यास तो, हे सगळं तपासणीला सोबत न्या.

नोंदणी करताना घरातल्याच कुणाचा तरी मोबाइल नंबर द्या. नेट कॅफेवाल्याचा दिला की पुढं प्रत्येक वेळी ओटीपीसाठी त्याच्या दारात जावं लागतं. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे अक्षरशः तसंच ठेवा. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षर, एवढ्यावर पुढचे अर्ज परत येतात.

कार्डावर पट्टा असतो : ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. बहुतेक योजनांची दारं ४० ला उघडतात. दाखला तात्पुरता असेल तर त्यावर मुदत छापलेली असते. ती संपण्याआधीच फेरतपासणीचा अर्ज टाका, नाहीतर मधल्या काळात चालू लाभही थांबतो.

राजारामपुरीतून

वरच्याला जोडून. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर टक्के नुसते बेरजेनं धरत नाहीत. मोठा आकडा तसाच राहतो. लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा यानं गुणून ९० नं भागायचं आणि ते त्यात मिळवायचं. पायाचे ४० आणि कानाचे ३० असतील तर ७० होत नाहीत, साधारण ५७ होतात. हे आधी माहीत नसलं की घरचे डॉक्टरांशी वाद घालत बसतात आणि तपासणीचा दिवस वाया जातो.

करवीर तालुक्यातून

संजय गांधी निराधार योजनेबद्दल. दिव्यांगांसाठीची रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये महिना झाली. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. वय १८ ते ६५, दिव्यांगत्व किमान ४० टक्के, राज्यात किमान १५ वर्षं रहिवास, आणि दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. उत्पन्नाचा दाखला चालू मुदतीचा हवा.

मंजुरी आली आणि पैसे आले नाहीत, ही तक्रार सगळ्यात जास्त. बहुतेक वेळा दोष तहसीलचा नसतो. पैसे आता थेट आधारवरून येतात, आणि आधार खात्याला 'लिंक' असणं वेगळं, थेट लाभासाठी जोडलेलं असणं वेगळं. अनुदान शेवटी ज्या बँकेशी आधार जोडलं गेलं तिथंच जातं. सिमकार्ड घेताना नकळत उघडलेलं खातं असेल, तर पैसे तिथं पडून राहतात आणि गावातलं पासबुक कोरंच. बँकेत जाऊन सध्या आधार कुठल्या बँकेकडं आहे ते विचारा, हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे थेट लाभासाठी आधार जोडण्याचा फॉर्म द्या आणि पोच घ्या. हयातीचा दाखलाही दरवर्षी द्यावाच लागतो.

हातकणंगले तालुक्यातून

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. अर्ज लेखी द्या, तोंडी मागणी कुठंच नोंदवली जात नाही. आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार व्हायच्या आधी द्या, मार्चअखेर धावपळ करून उपयोग नसतो.

उचगावहून

त्याच निधीतून रॅम्प होतात, आणि बरेचसे वापरण्याजोगे नसतात. हिशेब साधा आहे : एक फूट उंचीला बारा फूट उतार. जोतं दोन फूट असेल तर चोवीस फूट. जागा नाही म्हणून गवंडी आठ फुटांत उतरवतो, तो मोटारसायकलचा उतार झाला. त्यावर व्हीलचेअर ढकलणारा घसरतो आणि बसलेला मागं कलंडतो. जागा कमी असेल तर मध्ये पाच बाय पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवून उतार वळवा.

वर गुळगुळीत फरशी नको. आपल्याकडं जून ते सप्टेंबर ती शेवाळते. खरखरीत कोबा करून आडव्या रेघा मारा. दोन्ही बाजूंना दोन इंच उंचीची कड, म्हणजे चाक किंवा कुबडी खाली सरकत नाही, आणि अडीच ते तीन फुटांवर हातानं धरायचा पाइप. दार उघडल्यावर मोकळी जागा तीन फूट. खाली गटारीवर जाळी असेल तर गज चाकाच्या दिशेला आडवे हवेत. उभे असले की पुढचं लहान चाक अडकतं. काँक्रीट पडायच्या आधी टेप घेऊन स्वतः मोजा, नंतर कुणी फोडत नाही.

शाहूपुरीतून

एसटीत ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं वेगळं : तिथं यूडीआयडी पुरत नाही, रेल्वेच्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र काढायचं. शारीरिक दिव्यांगत्वात सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यालाच ती मिळते, म्हणून प्रमाणपत्रावर तसं स्पष्ट लिहिलंय का, हे दवाखान्यातून निघण्याआधी वाचून घ्या.

गडहिंग्लजहून

मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेलं मूल १८ वर्षांचं झालं की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. हे आईबाप धडधाकट असतानाच करा. याच चार गटांसाठी निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मूळ बिलं जपा.

चिखलीहून

२०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गावांसाठी : यूडीआयडीचं ई-कार्ड मोबाइलमध्ये ठेवा. कोणत्या घरात चालू न शकणारं माणूस आहे आणि त्याला उचलायला किती माणसं लागतील, ही यादी घर क्रमांकासह मे महिन्यातच ग्रामपंचायतीत द्या. बॅटरीची खुर्ची असेल तर चार्जर माळ्यावर ठेवा, आणि पाणी वाढायला लागलं की आधी माणूस, मग बॅटरी.