स्ट्रिंगमध्ये (प्रोटीनांमधल्या संबंधांचा डेटाबेस) स्कोअर ०.९ च्या वर आला म्हणजे दोन प्रोटीन खरंच एकमेकांना बाइंड होतात, म्हणजे चिकटतात का?

मधुरा_एमएस्सी: प्रोजेक्ट पी५३ ह्या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनवर आहे. स्ट्रिंगवर टीपी५३ (त्याच्या जीनचं नाव) टाकलं, एकदम भरगच्च जाळं आलं, सगळे स्कोअर ०.९ च्या वर. मी लिहून दिलं की ही सगळी पी५३ ला बाइंड होतात, तर मॅडमनी एवढंच विचारलं, "कशावरून?" मग बायोग्रिडवर (प्रयोगांत दिसलेल्या जोड्यांचा डेटाबेस) बघितलं तर तिथली यादी प्रचंड आणि ह्याच्याशी जुळतही नाही. नक्की काय धरू? लॅबची सोय नाहीये, सगळं कॉम्प्युटरवरच करायचंय.

यीस्टवाला: तो स्कोअर म्हणजे संबंध असल्याची खात्री किती, बाइंडिंग किती घट्ट ते नाही. स्ट्रिंग नुसता कामाचा संबंधही धरतं, म्हणजे दोन जीन एकत्र एक्स्प्रेस होतात, पेपरांत दोघांची नावं सारखी बरोबर येतात, तेही त्यात मिसळलेलं असतं. सेटिंग्जमध्ये फिजिकल सबनेटवर्क निवड आणि रेषेवर क्लिक करून एक्सपेरिमेंट्सचा स्कोअर वेगळा बघ. तरी फिजिकल म्हणजे एकाच कॉम्प्लेक्समध्ये (एकत्र जुळलेल्या प्रोटीनांच्या गटात) असणं, थेट स्पर्श असेलच असं नाही.

रात्रपाळी_डेटा: बायोग्रिडमध्ये आधी जेनेटिकच्या (दोन जीन बदलल्यावर काय होतं त्याच्या) ओळी बाजूला काढ, त्यात स्पर्शाचा प्रश्नच नसतो. मग पद्धतीचा कॉलम वाच. अॅफिनिटी कॅप्चर-एमएस म्हणजे एकाला ओढलं की त्याच्यामागून जे जे आलं ते सगळं, त्यात हीट शॉक प्रोटीन, केराटिन असली चिकट मंडळी हमखास येतात. टू-हायब्रिडमध्ये (दोन प्रोटीन जुळतात का ते यीस्टच्या पेशीत बघायची पद्धत) जोडी थेट असण्याची शक्यता जास्त, पण खोटे पॉझिटिव्हही भरपूर. एकाच पेपरच्या शेकडो ओळी असतात, त्यामुळे ओळी मोजू नकोस, वेगवेगळे पेपर आणि वेगवेगळ्या पद्धती किती ते मोज. आणि दोन्ही याद्या नावांवर नको, युनिप्रॉट नंबरवर (प्रत्येक प्रोटीनचा ठरलेला ओळख क्रमांक) जुळव, पी५३ चा पी०४६३७.

यीस्टवाला: एक जोडी शेवटपर्यंत तपासून बघ, एमडीएम२ ची (पी५३ ला आवर घालणारं प्रोटीन). पीडीबीमध्ये (प्रोटीनांच्या त्रिमितीय रचनांचा डेटाबेस) १वायसीआर ही नोंद उघड, १९९६ चं स्ट्रक्चर आहे. पी५३ चा छोटासा तुकडा एमडीएम२ च्या खोबणीत बसलेला दिसतो, त्यातली फेनिलअॅलनिन १९, ट्रिप्टोफॅन २३ आणि ल्युसिन २६ ही अमिनो आम्लं आत रुतलेली. नटलिन नावाचं रसायन ह्याच खोबणीत शिरतं. "कशावरून"ला ह्याहून चांगलं उत्तर नाही.

मधुरा_एमएस्सी: उघडलं आत्ताच, फिरवून फिरवून बघितलं, ट्रिप्टोफॅन खरंच पार आत गेलंय! यादी नव्याने करते, प्रत्येक जोडीपुढे पद्धत आणि पेपरांचा आकडा लिहून. ज्यांना नुसता टेक्स्ट मायनिंगचा (पेपरांत नावं बरोबर येण्याचा) आधार आहे ती वेगळ्या तक्त्यात टाकते, बाइंड होतात असं त्यांच्यापुढे लिहिणार नाही.