कापसाच्या काडीतली बाई आणि आपला सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्ट

टिपकागद

२००७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉन इथे गस्तीवरच्या एका तरुण महिला पोलिसाचा गोळी घालून खून झाला. गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांच्या जागी निघालेला होता. खून, घरफोड्या, आणि एका ठिकाणी तर अर्धवट खाल्लेलं बिस्कीट! बाईवर तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९ मध्ये एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवायला त्याच्या जुन्या अर्जावरचे ठसे तपासले, तर त्यातल्या डीएनएतही हीच बाई. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बाई गुन्हेगार नव्हतीच. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या जिथे तयार होत, तिथे ती कामाला होती. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए नाहीसा होत नाही.

या फजितीनंतर काड्या, बाटल्या, हातमोजे बनवणाऱ्यांसाठी आयएसओ १८३८५ हा मापदंड २०१६ मध्ये आला. म्हणजे काडी कुठल्याही देशातली असो, 'डीएनए-मुक्त' म्हणायचं तर अमुक कसोट्या पार करायच्याच.

आता आपल्याकडे बघा. १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७६(३), राज्यांना तयारीला पाच वर्षांची मुदत). म्हणजे काम कैक पटींनी वाढणार. पण लॅबने एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता घ्यायचीच, अशी सक्ती अजून नाही. डीएनए विधेयकात डीएनए प्रयोगशाळांपुरती ती होती, ते विधेयक २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. केंद्राच्या न्यायवैद्यक संचालनालयाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिका आहेत, पण त्या पाळल्या नाहीत तर काय, याला उत्तर नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: मान्यता नसलेल्या लॅबचा रिपोर्ट कोर्टाने वाचूच नये. आणि कालिना असो, नागपूर असो की चंदीगड, तपासायची रीत आणि रिपोर्टची भाषा एकच हवी. बोला.

काळा डगला

टिपकागद, गोष्ट झकास, निष्कर्ष अमान्य. मी जिल्हा न्यायालयात बचाव पक्षाची वकिली करतो, तेव्हा माझं मत एकांगी आहे हे आधीच सांगून टाकतो.

शिक्का आला की प्रश्न बंद होतात, हा माझा अनुभव. आजही सरकारी विश्लेषकाचा रिपोर्ट त्याच संहितेच्या कलम ३२९ खाली (जुन्या सीआरपीसीचं २९३) तज्ज्ञाला साक्षीला न बोलावता पुराव्यात वाचला जातो. त्यावर 'मान्यताप्राप्त' असं छापलेलं असेल तर उलटतपासणीसाठी तज्ज्ञाला बोलवा म्हणणारा वकील वेळकाढू ठरणार.

मोठ्या नावाच्या लॅबचंही सांगतो. २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांनंतर डिटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला. एफबीआयच्या एकाहून जास्त तज्ज्ञांनी दुजोरा दिला. वर कोर्टाने नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञसुद्धा 'हो, त्याचाच' म्हणाला. स्पॅनिश पोलीस आधीपासून नाही म्हणत होते, त्यांना विचारतंय कोण! शेवटी ठसा एका अल्जीरियन माणसाचा निघाला. एफबीआयने माफी मागितली, २००६ मध्ये अमेरिकी सरकारने वीस लाख डॉलर मोजले. तिथे कागदोपत्री पद्धत नव्हती असं नाही. पहिल्याने 'जुळतंय' म्हटल्यावर दुसऱ्याला वेगळं दिसेनासं झालं.

मला मापदंड नको असं नाही. पण त्यांची ढाल होते, आणि ती नेहमी सरकारी पक्षाच्याच हातात असते.

परीक्षानळी

मी एका सरकारी लॅबच्या विषविज्ञान विभागातून निवृत्त झाले. दोघांचं वाचलं, आणि दोघेही माझ्या टेबलापाशी येऊन थांबताय. नासाडी टेबलापर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते, हो.

व्हिसेरा (शवविच्छेदनात काढून ठेवलेले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात पाठवायचा, आणि त्याच द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत द्यायचा, म्हणजे विष पोटातलं की मिठातलं हे कळतं. किती जण ती वेगळी बाटली पाठवतात? कधी व्हिसेरा चक्क फॉर्मेलिनमध्ये यायचा. ते ऊतकशास्त्राच्या तपासणीला ठीक, पण आमचं काम तिथेच अवघड होऊन बसतं. दारूच्या केसमधलं रक्त सोडियम फ्लोराइड न घालता यायचं. असं रक्त उन्हाळ्यात चार दिवस पडून राहिलं तर बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं, मग माणूस प्यायला होता की नव्हता हे कुणी सांगायचं? आणि दंडावर सुई टोचण्याआधी स्पिरिटचा बोळा फिरवला होता का, हे तर कागदावर कुठे नसतंच. सील तुटलेलं, नमुना-मोहोर (सील ताडून बघायचा ठसा) जोडलेलीच नाही, मुद्देमाल मांडीवर घेऊन हवालदार एसटीने आलेला. त्याला बिचाऱ्याला 'परत जा' सांगायला जीव होत नाही, पण सांगावं लागतं.

अशात तुम्ही लॅबला मान्यता द्याल. आत मशीन कॅलिब्रेट केलेलं, तापमानाच्या नोंदी चोख, आणि बाहेरून आलेली बाटली सडकी! मान्यता नाही म्हणून रिपोर्ट बाद करायचा ठरवलात, तर पहिल्या दिवशी मार खाईल ती छोटी प्रादेशिक लॅब, जिच्याकडे माणसंच अर्धी आहेत. काम मोठ्या लॅबकडे सरकेल आणि तिथला ढीग आणखी उंच होईल. तोवर कच्चा कैदी आत.

मापदंड हवा, नक्की हवा. पण तो पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीपासून सुरू करा.

टिपकागद

परीक्षानळीताई, तुमच्या मुद्द्यावर तर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलंच आहे. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात २०१२ च्या १४ आणि १६ फेब्रुवारीला जप्त केलेले नमुने लॅबकडे गेले २७ तारखेला, तोवर ते ठाण्याच्या मालखान्यात होते. फाशीची शिक्षा झालेले तिघेही २०२२ मध्ये सुटले. डीएनए रिपोर्ट कशाच्या आधारावर आहे हे खालच्या कोर्टांनी तपासलंच नाही, हेही निकालात आहे. मग जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूच्या एका खटल्यात न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले: डीएनएचे नमुने ४८ तासांत लॅबकडे, प्रत्येक हस्तांतराची नोंदवही, कोर्टाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. हाच तर सामायिक मापदंड झाला ना?

परीक्षानळी

झाला की. पण तो डीएनएपुरता. विषाच्या बाटलीला ४८ तासांचा नियम कुणी लावलाय?

ह्यूस्टनकर

मी टेक्सासात राहतो, पेशाने संख्याशास्त्रज्ञ. काळा डगला यांच्या मुद्द्यात एक पाचर मारतो.

पद्धत लिहून ठेवली म्हणजे सगळ्यांचं उत्तर एक येतं, हा भ्रम आहे. अमेरिकेच्या निस्ट या मापन संस्थेने २०१३ मध्ये १०८ प्रयोगशाळांना अनेकांच्या मिश्र डीएनएची बनावट प्रकरणं सोडवायला दिली. त्यातल्या एका प्रकरणात जवळपास ७० टक्के प्रयोगशाळांनी अशा माणसाचा डीएनए 'असू शकतो' म्हटलं, ज्याचा थेंबही त्यात घातलेला नव्हता. नमुना एक, विदा (डेटा) एकच, उत्तरं मात्र वेगळी.

दुसरं, २००६ मधला एक छोटा प्रयोग. ठशांच्या पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे नकळत पुन्हा दिले, आणि सांगितलं की हा माद्रिदवाला चुकलेला ठसा. पाचपैकी चौघांनी स्वतःचं मत बदललं. पाचच माणसं आहेत, तेव्हा यावरून टक्केवारी काढू नका. पण कानात काय पडलं त्यावर डोळ्याला काय दिसेल हे ठरू शकतं, एवढं कळायला पाच पुरतात.

ठसे म्हणजे थोतांड, असंही नाही. २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांना तपासलं तेव्हा खोटी जुळणी ०.१ टक्का निघाली आणि खरी जुळणी नाकारण्याचं प्रमाण ७.५ टक्के. मला हे दोन आकडे शिक्क्यापेक्षा मोलाचे वाटतात. आमच्या गावच्या पोलीस लॅबचा डीएनए विभाग २००२ मध्ये गैरकारभारामुळे बंद करावा लागला होता. २०१४ पासून तिथलं काम पोलिसांपासून वेगळ्या संस्थेकडे आहे. ते लोक रोजच्या खऱ्या प्रकरणांत गुपचूप बनावट नमुने सरकवतात, विश्लेषकाला माहीतही नसतं. मापदंड तिथे पारखला जातो. एनएबीएलची तपासणी तारीख सांगून होत असेल तर त्या दिवशी लॅब दिवाळीसारखी सजणारच.

शंकासूर

खर्च कोण करणार, हे कुणीच बोलत नाहीये. इंग्लंडने २०१२ मध्ये तोटा होतो म्हणून सरकारी न्यायवैद्यक सेवा बंदच करून टाकली. तिथला नियामक त्याआधीपासून होता, पण नुसता उपदेश करायचा. त्याला कायद्याचे दात आले २०२१ मध्ये, आणि आचारसंहिता लागू झाली २ ऑक्टोबर २०२३ ला. श्रीमंत देशाची ही तऱ्हा.

(पाॅपकाॅर्न घेऊन बसलोय, चालू द्या.)

पेठेतला म्हातारा

मंडळी, तुम्ही सगळे 'रीत नीट पाळली का' यावर भांडताय. रीतच खोटी असेल तर?

आमच्या पुण्यातच झालं की. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने प्रसादातून विष दिल्याच्या खटल्यात शिक्षा सुनावली, तेव्हा पुराव्यात मेंदूच्या विद्युत लहरी मोजणारी 'बीईओएस' चाचणी होती. डोक्याला तारा लावायच्या, वाक्यं ऐकवायची, आणि आरोपीला ते कृत्य 'अनुभवातून' आठवतंय की नाही हे यंत्र सांगणार! ऐकलं तेव्हा मला पिंगळ्याची आठवण झाली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या संचालकांच्या समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली.

पण ध्यानात घ्या, ही चाचणीही कुठल्या कोपऱ्यात नाही, सरकारी प्रयोगशाळेतच झाली होती, आणि हजार प्रयोगशाळांत हुबेहूब तशीच केली असती तरी शास्त्रीय झाली नसती. ती कितीदा चुकते हे कुणी मोजलंच नव्हतं. ह्यूस्टनकर म्हणतो ते आकडे आधी, एकसारखेपणा नंतर.

टिपकागद

माघार घेतो, पण अर्धीच. मान्यता नाही म्हणून रिपोर्ट वाचूच नये, हे मागे. परीक्षानळीताईंचा कच्चा कैदी माझ्या लक्षातच आला नव्हता. रिपोर्टच्या भाषेवर मात्र ठाम आहे. एका लॅबचं 'जुळते', दुसरीचं 'सुसंगत आहे', तिसरीचं 'नाकारता येत नाही'. यातून न्यायाधीशाने काय समजायचं?

काळा डगला

इथे मात्र हात मिळवू. आमच्याकडे येणाऱ्या व्हिसेरा रिपोर्टवर एक ठरलेलं वाक्य असतं: सामान्य आणि विशिष्ट रासायनिक चाचण्यांत विष आढळले नाही. बस्स! सरकारी वकील म्हणतात विष नव्हतं, मी पण सोयीचं असेल तेव्हा तसंच म्हणतो. कुठली विषं शोधली, किती प्रमाणापर्यंत शोधता आली असती, सापाचं विष त्या यादीत होतं का, एक अक्षर नाही. एवढं जरी सगळ्या लॅबनी एकाच नमुन्यात छापलं, तरी मी तुमच्या मापदंडाला मत देईन.

परीक्षानळी

वकीलसाहेब, कुठल्या चाचण्या केल्या ते विश्लेषकाच्या कामाच्या वहीत असतं. मी तारखेनिशी लिहायचे, सहीसकट. रिपोर्टच्या छापील नमुन्यात त्याला जागाच नाही, म्हणून तुमच्यापर्यंत पोचत नाही. वही कोर्टाने मागवली तर द्यावीच लागते. माझ्या सगळ्या नोकरीत ती दोनदा मागवली गेली.

तुम्ही कधी मागवलीत?

काळा डगला

नाही मागवली, ताई. खोटं कशाला बोलू.

१९ तारखेला एक व्हिसेऱ्याचं प्रकरण लागलंय. त्यात अर्ज देतो. वहीला तुमच्याकडे नेमकं काय म्हणतात ते मला व्यनि (खासगी निरोप) करा, नाहीतर 'असा दस्तऐवज अस्तित्वात नाही' म्हणून उत्तर येईल.